संकेतस्थळाची पारख आणि इंग्रजी शिकणारा वाचक : 'क्रॅप' चाचणीचे परीक्षण

आंतरजालावरील माहिती कशी तपासावी हा घटक बहुतेक अभ्यासक्रमांत आता आला आहे. तो शिकवताना एक पाच अक्षरी तक्ता फळ्यावर लिहिला जातो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील ग्रंथालयातील सारा ब्लेक्सली यांनी तो २००४ मध्ये मांडला. करन्सी, रेलेव्हन्स, ऑथॉरिटी, अॅक्युरसी आणि पर्पज, म्हणजे अद्ययावतता, समर्पकता, अधिकार, अचूकता आणि हेतू, अशा पाच निकषांवर एखादे पान तपासायचे. आद्याक्षरे जोडली की 'क्रॅप' हा शब्द तयार होतो. प्रस्तुत टिपणात या तक्त्याचे परीक्षण करायचे आहे, पण एका विशिष्ट वाचकाच्या बाजूने. हा वाचक बारावीपर्यंत मराठी, कन्नड किंवा हिंदी माध्यमात शिकला आहे आणि पदवीला आल्यावर त्याला इंग्रजी पाने वाचावी लागत आहेत. तुमच्यापैकी अनेक जण या वाचकाच्या जागी असतील.

सुरुवात नावापासूनच करू. इंग्रजी बोलीत 'क्रॅप' म्हणजे विष्ठा, त्यावरून टाकाऊ, भिकार माल. अमेरिकी विद्यार्थ्याला हसू येते आणि पाच अक्षरे लक्षात राहतात. आपल्या वर्गात मात्र हा विनोद कोणाला कळत नाही. पाच अनोळखी शब्दांबरोबर सहावा अनोळखी शब्द पाठ केला जातो, एवढेच. ही बाब क्षुल्लक आहे, परंतु हा तक्ता कोणासाठी घडवला गेला ते तिच्यावरून कळते.

खरी अडचण निकषांखालच्या उपप्रश्नांत आहे. अचूकतेखाली विचारले जाते की मजकुरात शुद्धलेखनाच्या किंवा व्याकरणाच्या चुका आहेत का, आणि भाषेचा सूर निःपक्षपाती व भावनारहित वाटतो का. ज्याला स्वतःच्या वाक्यात 'द' कुठे घालायचा याची खात्री नाही, त्याने दुसऱ्याच्या इंग्रजीतल्या चुका काढून पानाची विश्वासार्हता ठरवायची! सुराचे तर त्याहून अवघड. उपरोध, आडून केलेली जाहिरात, सभ्य शब्दांत गुंडाळलेला प्रचार हे परक्या भाषेत सर्वांत शेवटी कळू लागतात. शिवाय आता यंत्राकडून निर्दोष इंग्रजी क्षणात लिहून मिळते. त्यामुळे शुद्धलेखनाचा प्रश्न इंग्रजी उत्तम येणाऱ्यांच्याही उपयोगाचा राहिलेला नाही.

अधिकाराखाली पत्त्याची शेपटी पाहायला सांगितले जाते : कॉम, ऑर्ग, गव्ह, एज्यु. आपल्याकडे 'गव्ह डॉट इन' शासकीय संस्थांनाच मिळतो आणि 'एसी डॉट इन' शैक्षणिक संस्थांना, तेवढ्यापुरता हा प्रश्न कामाचा आहे. पण 'ऑर्ग' कोणालाही घेता येतो.

पॉल नेशन आणि मार्सेला हू यांचा २००० सालचा अभ्यास येथे आठवावा. परक्या भाषेतील गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायची, तर तिच्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. ८० टक्के शब्द माहीत असलेल्या गटात एकालाही पुरेसे आकलन झाले नाही. आता एखादे आरोग्यविषयक किंवा अर्थविषयक इंग्रजी पान उघडा आणि पहिल्या पन्नास शब्दांत किती अडतात ते मोजा. आकलनच अर्धवट असताना त्याच पानाकडे पुन्हा पुन्हा पाहून पाच निकष भरायचे, हे डोळ्यांवर पट्टी बांधून कापडाचा रंग ओळखण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटबंदी जाहीर झाली आणि दोन हजारांची नवी नोट येणार असे कळले. लगोलग एक संदेश फिरू लागला : नोटेत सूक्ष्म चिप आहे, तिला वीज लागत नाही, ती उपग्रहाचा संकेत परावर्तित करते आणि जमिनीखाली पुरलेली नोटही सापडते. मूळ इंग्रजी मजकुरात तांत्रिक शब्दांची रेलचेल होती. तो तक्त्यावर लावून पाहा. अद्ययावत? कालचाच आहे. समर्पक? सगळा देश तेच बोलतोय. भावनारहित? अगदी यंत्राच्या माहितीपुस्तिकेसारखा. पानावर डोळे खिळवून बसलात तर संदेश उत्तीर्ण होतो. त्यात इंग्रजी शिकणाऱ्याचा आणखी एक घोटाळा होतो. न कळलेला शब्द हा त्याला मजकुराच्या खोलीचा पुरावा वाटतो आणि दोष तो स्वतःच्या अज्ञानाला देतो. 'इंग्रजीत छापलंय म्हणजे काहीतरी असणारच' ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि हा तक्ता तिला धक्का लावत नाही.

उत्तर दुसरीकडे होते. रिझर्व्ह बँकेने नोटेची वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली होती : रंग बदलणारा सुरक्षा धागा, आरपार दिसणारी आकृती, मागे मंगळयानाचे चित्र. चिप त्या यादीत नव्हती. आणि बँकेचा त्या वेळचा पत्ता? 'आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन'. शेपटी पाहणाऱ्याला तिथेही काही हाती लागले नसते.

ही 'दुसरीकडे' जाण्याची रीत सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी स्टॅनफर्डमध्ये तपासली. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी घेतले. त्यांच्यासमोर बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने ठेवली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही १९३० मध्ये स्थापन झालेली मोठी व्यावसायिक संघटना, तर अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स हा समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या प्रश्नावरून २००२ मध्ये वेगळा झालेला छोटा गट. नावे जवळपास सारखी, दोन्ही पत्ते 'ऑर्ग'चे, दोन्ही पाने नीटनेटकी. बहुतांश विद्यार्थ्यांना छोट्या गटाचे पान अधिक विश्वासार्ह वाटले. काही इतिहासतज्ज्ञही डळमळले. तपासनीस मात्र एकही चुकला नाही. त्यांनी पान जेमतेम पाहिले, लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधले. याला लॅटरल रीडिंग म्हणतात. आपण 'आडवे वाचन' म्हणू. एकाच पानावर वरून खाली सरकणे हे उभे वाचन.

आडवे वाचन आपल्याला नवीन नाही. घरात स्थळ येते तेव्हा बायोडेटामधले शुद्धलेखन कोणी तपासत नाही. मावशीच्या ओळखीचे कोणी त्या गावात आहे का, मुलगा खरोखर त्या कंपनीत आहे का, याची चार ठिकाणी चौकशी होते. कागद त्यानेच लिहिला आहे, तेव्हा तो चांगलेच लिहिणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. इंग्रजी पान समोर आले की नेमके हेच शहाणपण आपण वर्गाबाहेर ठेवतो.

शिवाय अडखळत वाचणाऱ्याला या रीतीचा एक मोठा लाभ आहे. तपासनिसांनी विद्यार्थ्यांपेक्षा कमी वाचले. दोन हजार शब्दांचे पान चाळण्याऐवजी चार-पाच ठिकाणच्या दोन-दोन ओळी पुरल्या. मात्र हुरळून जाऊ नका. ते तपासनीस इंग्रजीत मुरलेले होते आणि शोधाच्या यादीतले कोणते नाव वृत्तपत्राचे, कोणते दबावगटाचे हे त्यांना बऱ्याच अंशी माहीत होते. सोलापूरच्या किंवा बेळगावच्या विद्यार्थ्याला ती नावे सारखीच अनोळखी असतात. ब्लेक्सलींवर अन्यायही नको. त्यांच्या तक्त्यात 'ही माहिती दुसऱ्या स्रोतात पडताळता येते का' हा प्रश्न आहेच. पण तो इतर अनेक प्रश्नांच्या गर्दीत आहे, आणि वर्गात वेळ संपतो तो शुद्धलेखनावर.

तेव्हा भाषेच्या शिक्षकाने काय शिकवावे? माझ्या मते सर्वांत आधी शोधाचे शब्द. आपले राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवले, हा दावा तुम्हीही वाचला असेल. युनेस्कोने अशी कोणतीही घोषणा केलेली नाही. विद्यार्थी शोधताना दाव्याचेच शब्द टाकतो : युनेस्को, बेस्ट, अँथेम. साहजिकच दावा उगाळणारी पाने समोर येऊ शकतात. त्याच शब्दांपुढे 'हॉक्स' किंवा 'फॅक्ट चेक' जोडले की यादी बदलते. 'हॉक्स' हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत सहसा नसतो. थाप, बनाव, अफवा हे मराठी शब्द मात्र विद्यार्थ्याच्या जिभेवर असतात. म्हणजे शंका घेण्याची बुद्धी आहे, शंकेला इंग्रजी नाव नाही. डिबंक, अलेज्ड, रिट्रॅक्टेड, स्पॉन्सर्ड, फंडेड बाय असे वीस-पंचवीस शब्द पहिल्या महिन्यात शिकवले, तर पाच निकषांपेक्षा जास्त काम होईल.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. इंग्रजी मजकुरात 'फाउंड', 'आर्ग्यूज', 'क्लेम्स', 'सजेस्ट्स' यांत बरेच अंतर असते. आपला विद्यार्थी सगळ्यांचे भाषांतर 'सांगितले' असे करतो. मराठीकडे यासाठी एक सुंदर हत्यार आहे : 'म्हणे'. 'चिप आहे' आणि 'चिप आहे म्हणे' यांतला फरक लहान मुलालाही कळतो. कन्नडमध्ये 'अंते' आणि तेलुगूत 'अट' हेच काम करतात. इंग्रजीत ते 'रिपोर्टेडली', 'इज सेड टू' अशा शब्दांत विखुरले आहे. वर्गात एक बातमी घ्या, मनातल्या मनात मराठी करा आणि प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणे' लागते का ते पाहा. ज्याला लागते तिथे पुढचा प्रश्न विचारा : कोण म्हणे?

मातृभाषेचा आधार घ्यायचा म्हणजे शोध फक्त मराठीत घ्यायचा, असे नव्हे. चिपची अफवा मराठीतही तेवढ्याच ऐटीत फिरली. मराठीत पानेही कमी, त्यामुळे खोटे खोडून काढणारे पान सापडेलच याची हमी नाही. पण विषयाची पार्श्वभूमी आधी मराठी विश्वकोशातून वाचली, तर इंग्रजी पानावरचे अर्धे शब्द ओळखीचे होतात आणि ९८ टक्क्यांचा डोंगर थोडा ठेंगणा होतो. नंतर तोच दावा दोन्ही भाषांत शोधावा. दोन्हीकडे तीच वाक्ये भाषांतरित होऊन आली असतील, तर ते दोन साक्षीदार नव्हेत, एकाच्याच दोन प्रती आहेत.

शेवटी परीक्षेविषयी. 'क्रॅप चाचणीचे पाच निकष स्पष्ट करा' हा प्रश्न शिक्षकाला तपासायला सोपा आणि विद्यार्थ्याला पाठ करायला सोपा, म्हणूनच हा तक्ता टिकून आहे असे मला वाटते. आडवे वाचन तपासायचे तर विद्यार्थ्यासमोर एक अनोळखी पान आणि चालू जोडणी ठेवावी लागेल, दहा मिनिटे द्यावी लागतील, त्याने कोणते शब्द टाकले आणि कुठे कुठे गेला ते पाहावे लागेल, आणि उत्तर मराठीत लिहिले तरी पूर्ण गुण द्यावे लागतील. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला शिक्षकांकडे अशी दहा मिनिटे मागून पाहा.