मूर्ती, लेप आणि कलाकृतीची पूर्णता

रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवरील देवालयातील ज्युपिटरची मूळ मूर्ती भाजलेल्या मातीची होती आणि तिच्यासाठी वेई या एट्रुस्कन नगरीतून वुल्का नावाच्या मूर्तिकारास पाचारण करण्यात आले होते, असे पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी नमूद करतो. मूर्ती मातीची, म्हणूनच तिला हिंगुळाचा लाल लेप देण्याची प्रथा होती, असेही तो सांगतो. सणाच्या दिवशी देवाच्या मुखास हा लेप चढे आणि त्याचे काम ठेक्याने देणे सेन्सॉर या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे असे. मूर्तिकाराचा हात थांबल्यानंतरही मूर्ती घडतच राहत होती.

वेईच्या पोर्तोनाच्चो देवालयातील अपोलोची स्थिती निराळी आहे. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरची ही मातीचीच मूर्ती १९१६ साली उत्खननात सापडली. ती आता रोममधील व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. मुळात ती छपराच्या आढ्यावर हेराक्लिससमोर उभी होती. हरिणीवरून झालेला त्यांचा कलह हा तेथील कथाविषय. खाली उभ्या असलेल्या माणसाने ती पाहायची होती, तिची पूजा करायची नव्हती. माध्यम एक, धर्म एक. तरीही गाभाऱ्यातील मूर्ती आणि छपरावरील मूर्ती यांचे अस्तित्वप्रकार भिन्न ठरतात.

हा भेद बीड जिल्ह्यात दगडाच्या माध्यमात अनुभवास येतो. धर्मापुरीच्या केदारेश्वर या उत्तर चालुक्यकालीन देवालयाच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी पाहण्यासाठी आहेत. त्यांचे देहवळण, अलंकरण, छायाप्रकाश हे सारे छिन्नीने एकदाच सिद्ध केले आहे. त्याच परिसरातील अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा तांदळा मात्र शेंदराने आकारास येतो. शेंदूर शिशापासून होतो, हिंगूळ पाऱ्याचे खनिज आहे. शिवाय या दोन प्रथांमध्ये ऐतिहासिक नाते सुचविण्याचे कारण नाही. साम्य आहे ते विधीच्या तर्कात: देवतेचे रूप एकदा देऊन संपत नाही, ते पुनःपुन्हा द्यावे लागते.

मराठी सौंदर्यविचाराने कलाकृतीची संकल्पना बहुतांशी पहिल्या प्रकारावरून घेतली. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे धर्मापुरीच्या भिंतीस सहज लागू पडतात. तांदळ्यापाशी मात्र ती अडखळतात, कारण ज्या घटकांचे लयबद्ध संघटन पाहायचे, ते घटकच तेथे स्थिर नाहीत. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यसंकल्पना द्विध्रुवात्मक मानली. त्या मांडणीत तांदळा लौकिकतेच्या ध्रुवाकडे सरकविता येईल. पण त्याने प्रश्न सुटत नाही. लेपाचा प्रश्न आस्वादाच्या स्वरूपाचा नसून कलाकृतीच्या पूर्णतेचा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो: लेप हा मूर्तीवरील उपचार आहे, मूर्तीचा घटक नव्हे, तो उतरविला की ‘खरी’ मूर्ती उरते. वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण या आक्षेपाची कसोटी पाहते. २०२२ साली देवीवरील शेंदराचे जाड थर उतरविण्यात आले आणि खालचे कोरीव रूप प्रकट झाले. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. थर तसेच ठेवावेत असे म्हणणे अभ्यासाला नकार देणे होईल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या रूपासमोर नवस बोलले गेले, ते थरांचेच रूप होते. त्याला केवळ आवरण म्हटले, तर ती श्रद्धा चुकीच्या वस्तूवर होती असे म्हणावे लागेल. शिल्पाच्या निकषांवरून असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार समीक्षेला पोचत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही. अंबाजोगाईशी परंपरेने जोडलेल्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११० (इ. स. ११८८) सांगितला जातो, पण उपलब्ध पोथ्यांची भाषा त्याहून अर्वाचीन वाटते आणि तीवरूनच कालनिश्चितीचा वाद उभा राहतो. नकलकारांच्या हातून चढलेली ही भाषा पाठचिकित्सेच्या दृष्टीने दोष ठरते. तीच भाषा हा ग्रंथ किती शतके वाचला गेला याची साक्षही देते. म्हणून पाठसंपादनात मूळ पाठाचा शोध घेताना पाठभेदही नोंदवून ठेवण्याची शिस्त आहे.

मूर्तीच्या अभ्यासात तशी शिस्त अद्याप रुजलेली दिसत नाही. उतरविलेल्या शेंदराचे थर, त्यांचा क्रम आणि ते चढविणाऱ्यांचे हक्क व मानपान यांची नोंद मूर्तिवर्णनाइतक्याच काळजीने व्हावयास हवी. वुल्काचा ज्युपिटर इ. स. पू. ८३ च्या आगीत देवालयासह गेला. त्याच्याविषयी काही विचार करता येतो, तो मुख्यतः त्याच्या लेपाची नोंद कोणीतरी करून ठेवली म्हणून.