बट्टा आणि आकडा

नायगावच्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर दरवर्षी एक चारमिनारी रुपया मांडला जातो. हिजरी १३३७चा, म्हणजे १९१८-१९ सालचा. मधल्या कमानीत उस्मान अली खान यांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’ आहे. आजीने तो चिंचेच्या कोळाने कितीदा घासला असेल, याची गणती नाही. हा रुपया मी एका ग्रेडिंग कंपनीकडे पाठवला. प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन परत आला तेव्हा त्यावर शेरा होता : ‘साफ केलेले’. गुण नाहीत. वर्षभराने डबी फोडून तोच रुपया त्याच कंपनीकडे पुन्हा धाडला. या वेळी ५५ गुण मिळाले. घासल्याचा उल्लेखही नाही. रुपया तोच, घासल्याच्या रेषा त्याच. मग बदलले काय?

उत्तरासाठी या गुणांचे मूळ पाहावे लागते. १ ते ७० ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत १ डॉलर धरली, तर सर्वोत्तम नाण्याची ७० डॉलर, असा तो हिशेब होता. म्हणजे ७० हा आकडा मोजमापातून आलेला नाही, बाजारभावातून आलेला आहे. तो भाव लवकरच मोडला, आकडा मात्र टिकला. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. डबीवर छापला गेल्यावर त्या आकड्याला तराजूचा मान मिळाला.

तराजू मात्र हलता आहे. जास्त गुणांच्या आशेने डब्या फोडून नाणी पुन्हा पाठवणे ही संग्राहकांची जुनी रीत आहे. पूर्वीची ग्रेडिंग कडक होती म्हणून जुन्या डब्यांना वेगळी मागणी असते. २००७ मध्ये तर अमेरिकेत सीएसी ही संस्था निघाली. ती आधीच ग्रेड झालेली नाणी तपासून डबीवर पसंतीची चिकटपट्टी लावू लागली. पारख्यांनाच पारखी लागावा, यात सगळे आले. शिवाय कंपन्यांची हमी असते ती गुण जास्त दिले गेल्यास. कमी दिले गेले तर मालकाने पुन्हा शुल्क भरावे.

आपल्याकडे नाण्यांची पारख नवी नाही. गावगाड्यात पोतदार होता. नाणे पारखणे हे त्याचे काम. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे हाली रुपया चाले, इंग्रजी ‘कलदार’ही येई. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहाला सात, हा रूढ दर. तो तपासून पाहता येतो. चारमिनारी रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, कलदार ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. पहिल्यात शुद्ध चांदी सुमारे ९.१५ ग्रॅम, दुसऱ्यात १०.६९. गुणोत्तर पुन्हा सहास सातच्या जवळ येते. बट्ट्यामागे कारण होते आणि ते तराजूवर मांडता येत होते.

बट्ट्याचा काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. बट्ट्याच्या नावाखाली सराफ-सावकारांनी रयतेला नाडले आहे. पण ‘बट्टा का?’ असे विचारले तर वजन, कस, झीज यांतले काहीतरी सांगावे लागे. ५५ हा आकडा काहीच सांगत नाही. ठसाच कमजोर उमटला की वापराने झीज झाली, चकाकी मूळची की घासून आणलेली, हे वेगवेगळे प्रश्न त्यात एकत्र कालवले जातात. पारख्याचे मत बदलले तरी नेमके कशाबद्दल बदलले, हे कळायला मार्ग राहत नाही.

चौरंगावरचा रुपया, बंजारा बाईच्या गळ्यातला कडी लावलेला रुपया ही आपल्याकडची नाण्यांची खरी आयुष्ये आहेत. अमेरिकी पट्टीवर ती दोष ठरतात. ठरोत, संग्राहकाला न घासलेले नाणे हवे असणे गैर नाही. पण दोष एकदा दिसावा आणि एकदा दिसू नये, याला पारख म्हणता येत नाही. याची झळ संग्राहकापेक्षा घरातले चार रुपये विकायला निघालेल्या माणसाला लागते. एका शेऱ्याने त्याचे नाणे पुन्हा चांदीच्या भावात मोडीत जाते.

उपाय अवघड नाही. वजन, ठसा, झीज, पृष्ठभाग आणि साफसफाई यांवर प्रत्येकी एक वाक्य लिहावे, खाली पारख्याची सही असावी. आकडा द्यायचाच तर त्यानंतर द्यावा. मतभेद तेव्हाही होतील, पण ते वाचता येतील आणि खोडताही येतील.

दुसरी डबीही मी फोडली आहे. यंदा रुपया चौरंगावर उघडाच असेल. फक्त चिंच लावणार नाही.