स्वोपज्ञ टीका आणि पटावरचा वाचक

बुद्धिबळपटूने स्वतःच्या निवडक डावांवर लिहिलेले पुस्तक समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. वस्तुतः त्याची घडण संस्कृतातील स्वोपज्ञ टीकेशी जुळते. हेमचंद्राने ‘काव्यानुशासना’ची सूत्रे रचली आणि त्यांवरील ‘अलंकारचूडामणी’ ही वृत्तीही स्वतःच लिहिली. येथेही डाव ही संहिता, टिपण ही वृत्ती आणि वृत्तिकार हा संहितेच्या कर्त्यांपैकी एक.

‘कर्त्यांपैकी एक’ असे म्हणावे लागते, कारण डाव दोघे मिळून घडवितात. टिपण मात्र एकटा लिहितो आणि तेही निकाल ठाऊक झाल्यावर. खेळीच्या क्षणीची अनिश्चितता टिपणात निश्चितीचे रूप धारण करते. असे टिपण प्रमाण मानणाऱ्यास निष्कर्ष मिळतात. निष्कर्षाप्रत जाण्याची रीत मिळत नाही.

बॉबी फिशरचे ‘माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स’ (१९६९) या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्यातील ६० डावांत ९ बरोबरीचे, तर ३ पराभवाचे आहेत. १९६० साली मार देल प्लाता येथे स्पास्कीने किंग्ज गॅम्बिट खेळून त्याला हरविले. तो डाव त्याने वगळला नाही. उलट १९६१ साली त्याच प्रारंभाचे खंडन करणारा लेख लिहिला. पराभवातून सिद्धांत कसा उभा राहतो, हे येथे दिसते. १९९५च्या आवृत्तीत प्रकाशकांनी मजकुरात फेरफार केले, तेव्हा फिशरने जाहीर आक्षेप घेतला. शुद्ध केलेले टिपण अचूक असेलही. कर्त्याच्या विचाराचा पुरावा म्हणून मात्र ते निरुपयोगी होय. अचूक खेळी आज संगणकही क्षणात सांगतो.

मग अशा पुस्तकाचा वाचक कोण? ‘मालतीमाधवा’त भवभूतीने समानधर्म्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. गोंदिया जिल्ह्यातील आमगावनजीकचे पदमपूर हेच त्याचे पद्मपूर, असे वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन आहे. समानधर्मा म्हणजे अनुयायी नव्हे. टिपण झाकून, पट मांडून, पुढची खेळी स्वतः ठरविणारा आणि नंतरच टिपण उघडणारा वाचकच त्या नावास पात्र होय. स्वतःची खेळी चुकली, तर ती का चुकली हे त्यालाच कळते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत कवितेआधी तिच्यावरील समीक्षा वाचली जाते, तेव्हा नेमकी हीच चूक करण्याची संधी विद्यार्थ्याकडून हिरावली जाते.