शपथेची वारस नोंद

आमच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात आजोबांच्या नावचा एक बोजा वर्षानुवर्षं पडून होता. कर्ज त्यांनी हयातीतच फेडलेलं, पावती वडिलांनी पत्र्याच्या पेटीत जपलेली. पण बोजा कमी करायचा तर कर्ज देणाऱ्याचा दाखला लागतो, आणि ती संस्था कधीचीच गुंडाळली गेलेली. कागद परत करताना टेबलामागच्या माणसाने सहज विचारलं, “मग दाखल्यावर सही कोण करणार?”

सुडाच्या शपथांवर उभ्या राहिलेल्या फँटसी वाचताना, बघताना आणि हल्ली खेळतानाही मला ते वाक्य आठवत राहतं. शपथ घेणारा मेलेला असतो. ज्याच्या खुनापायी ती घेतली तो त्याच्याही आधी गेलेला. शपथ मात्र पोरांच्या नावावर चढलेली, आणि ती फेडता फेडता पोरं स्वतःच परलोकाच्या दारात जाऊन उभी राहतात. तिथे पुढे काय होतं, हे सांगताना लेखकाचा कस लागतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं बरंचसं काम नेमकं इथे कच्चं राहिलं आहे, असं माझं मत आहे. परलोक दिसतो झकास, पण तिथे कायदा कुठला चालतो ते कोणी सांगत नाही.

जे. आर. आर. टोल्किन यांचं ‘द सिल्मरिलियन’ १९७७ साली आलं, ते वारल्यानंतर चार वर्षांनी. अपुऱ्या हस्तलिखितांचा ढीग मुलाने, क्रिस्टोफरने, निस्तरला. (बापाचं अर्धं राहिलेलं काम पोराच्या गळ्यात. या पुस्तकाच्या बाबतीत हा योगायोग जरा जास्तच जुळून आला.) मॉर्गोथ हा आद्य दुष्ट एल्फांच्या फिन्वे राजाला मारतो आणि त्याचा मुलगा फेआनोर याने घडवलेली तीन रत्नं पळवतो. फेआनोर आणि त्याचे सात मुलगे तलवारी उपसून शपथ घेतात: रत्न ज्याच्या हाती सापडेल, मग तो कोणीही असो, त्याचा पिच्छा सोडणार नाही, आणि सोडला तर कायमचा अंधार आमच्या वाट्याला येवो. शपथ थेट सृष्टिकर्ता इलूवातारच्या नावाने, साक्षीला देव. पुढे लढाईत फेआनोर जबर जखमी होतो. मरताना त्याला दूरवर शत्रूच्या गडाचे सुळके दिसतात, आणि आपल्या लोकांच्या बळावर ते कधीच पडायचे नाहीत हेही त्या घटकेला लख्ख कळतं. तरीही तो मुलांना शपथेला बांधून घेतो आणि मग मरतो.

शपथेचा वारसा म्हणजे काय, हे या प्रसंगाइतकं निर्दयपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बापाला ठाऊक आहे की ही वसुली व्हायची नाही. बुडीत खातं तो जाणूनबुजून पोरांच्या नावावर करतो.

शपथ मॉर्गोथपर्यंत पोचतच नाही, ती आप्तांवर उलटते. तीन वेळा एल्फ एल्फांची कत्तल करतात. शेवटी सातांपैकी दोघे उरतात, मायध्रोस आणि माग्लोर, दोघेही थकलेले. मॉर्गोथचा पाडाव दुसऱ्यांनीच केलेला असतो आणि उरलेली दोन रत्नं जेत्यांच्या छावणीत असतात. तिथे या भावांमध्ये जी वादावादी होते तिच्यापुढे पुस्तकातल्या सगळ्या लढाया मला फिक्या वाटतात. माग्लोरचं म्हणणं, ज्यांना साक्षीला ठेवलं त्या देवांनीच नको म्हटलं तर शपथ रद्द धरायला काय हरकत आहे? मायध्रोसचा मुद्दा पक्क्या कारकुनाचा आहे: शपथ घेतली ती इलूवातारच्या नावाने, तो या जगाच्या पलीकडे, आपली हाक तिथवर जायची कशी? मोकळं कोण करणार आपल्याला? म्हणजे पुन्हा तेच, दाखल्यावर सही कोण करणार. माग्लोर सांगून पाहतो की अंधार दोन्हीकडून ठरलेलाच असेल तर निदान मोडण्यात पाप कमी घडेल. शहाणपण त्याच्या बाजूने आहे, पण मोठ्या भावापुढे तो नमतो. दोघे रत्नं चोरतात आणि रत्नं त्यांचे हात भाजतात. एक आगीच्या दरीत उडी घेतो, दुसरा रत्न समुद्रात फेकून किनाऱ्याकिनाऱ्याने गात हिंडत राहतो.

टोल्किनच्या जगात मेलेल्या एल्फाचा आत्मा मांडोसच्या दालनांत जातो, तिथे थांबतो, आणि पुढे त्याला पुन्हा देह मिळू शकतो. ज्याच्या खुनापासून हे सारं सुरू झालं तो फिन्वे तिथेच आहे. लेखकाच्या नंतरच्या टिपणांत, जी १९९३ साली छापून आली, फिन्वे एक अर्ज करतो. तो सुडाबद्दल अवाक्षर काढत नाही. आपली आधी वारलेली बायको मीरिएल हिला देहात परतता यावं म्हणून तो स्वतः कायमचा आत राहायला तयार होतो. बाहेर मुलगा आणि नातू त्याच्यापायी रक्त सांडताहेत, आणि आत म्हाताऱ्याला बायकोची काळजी. या विसंगतीवर टोल्किन बोट ठेवत नाही, ते बरंच आहे. आणखी एक गोष्ट तो ओझरती सांगतो: फेआनोरचा नातू केलेब्रिंबोर बापाच्या कृत्यांशी संबंध तोडून मागे राहतो. तिसऱ्या पिढीत नोंदीला हरकत घेणारा निघाला, आणि तो शपथेपायी मेला नाही.

याच लेखकाच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये (१९५५) उलटा व्यवहार आहे. डोंगरातल्या लोकांनी एरेखच्या शिळेजवळ इसिल्दुर राजाला लढाईत साथ द्यायची शपथ घेतली आणि ऐन वेळी माघार घेतली. त्यांना शाप मिळाला: शपथ पुरी होईपर्यंत विसावा नाही. हजारो वर्षं ती मंडळी ना इथली ना तिथली. आपल्याकडे नर्मदा परिक्रमावासीयांच्या तोंडी कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा असतो, त्याच्या बिरादरीतली. इथे धनकोचा वारस अरॅगॉर्न येतो, येणं वसूल करतो आणि मोकळीक देतो. सही करायला माणूस आहे, म्हणून गोष्ट मिटते.

पण पीटर जॅक्सनच्या २००३च्या चित्रपटात काय झालं? पुस्तकात ही प्रेतसेना पेलार्गिरच्या बंदरापुरतीच आहे. तिचं शस्त्र भीती. चाचे नुसत्या धसक्याने गलबतांवरून पाण्यात उड्या टाकतात. काम झालं की तिची तिथेच सुटका, आणि पुढच्या मोठ्या लढाईला जितीजागती माणसं गलबतांतून जातात. चित्रपटात मात्र ती हिरवट भुतं थेट रणांगणावर लोटतात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शत्रू साफ. थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी येताना मात्र हिशेब चुकल्यासारखं वाटलं. हजारो वर्षांचं प्रायश्चित्त एका झाडूच्या फटकाऱ्यात आटोपलं होतं. त्यानंतर पडद्यावरच्या बऱ्याच परलोकांचं हेच झालं. मेलेले म्हणजे राखीव कुमक. त्यांना त्यांचं असं काही मागणं असू शकतं, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

मागणं असणारा मेलेला माणूस कसा रंगवावा, याचा नमुना सातशे वर्षांपूर्वीचा आहे. दान्तेच्या नरकात, एकोणतिसाव्या सर्गात, गेरी देल बेल्लो नावाचा त्याचा नातलग भेटतो, वडिलांचा चुलतभाऊ. खरं तर भेटतच नाही. दान्ते दुसऱ्याच कोणात गुंतलेला असतो. त्याचा वाटाड्या व्हर्जिल नंतर सांगतो की पुलाखालून एक जण तुझ्याकडे बोट रोखून धमकावत होता. गेरीचा खून झाला होता आणि बदला कोणी घेतलेला नव्हता. त्या काळच्या फ्लोरेन्समध्ये असा बदला घेणं कायदाही चालवून घेई. न घेणं ही घराण्याची नामुष्की. दान्ते पाहुण्याला नाकारत नाही आणि शपथही घेत नाही. न बोलता निघून गेला म्हणून त्याची मला जास्तच कणव आली, एवढं म्हणून तो पुढे चालतो. कवी स्वतः १३२१ साली वारला. दोन घराण्यांमधला समेट व्हायला १३४२ साल उजाडलं, आणि तो झाला जिवंतांच्या जगात, कागदावर. ते रोखलेलं बोट मात्र काव्यात तसंच राहिलं आहे.

आता अगदी ताजं. सुपरजायंट या अमेरिकी कंपनीच्या ‘हेडीज’ या गेमने २०२० साली ग्रीक पाताळ घराघरांत नेलं. त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. २०२५ साली पूर्ण झालेल्या दुसऱ्या भागाची नायिका मेलिनोए. आजोबा क्रोनोस याने तिच्या आईबापांचं घर बळकावलं तेव्हा ती तान्ही होती. हेकाटी या जादूच्या देवीने तिला वाढवलं ते एकाच कामासाठी, आजोबाला मारण्यासाठी. तिच्या गोटातली मंडळी एकमेकांना भेटताना-निघताना ‘क्रोनोसला मरण’ असं म्हणतात, आपण रामराम म्हणतो तसं. या एका तपशिलासाठी मी लेखकांना पैकीच्या पैकी गुण देईन. शपथ मुलीच्या कानावर अंगाईसारखी पडली आहे. ती तिने कधी घेतलीच नाही, तर मोडणार कशी?

आणि गेम खेळायची रीतच अशी की क्रोनोसला एकदा मारून भागत नाही. पुन्हा खाली उतरा, पुन्हा मारा, तो पुन्हा उभा. माझा भाचा शेजारी बसून खेळत होता, अकराव्यांदा की बाराव्यांदा जिंकल्यावर त्याने जांभई दिली आणि म्हणाला, “मामा, हा मरून काही होतच नाही.” संवादांत जे कुठेच इतकं सरळ सांगितलेलं नाही ते त्या पोराच्या अंगठ्यांना कळलं होतं. या माध्यमाचं बळ मला इथे दिसतं. दुबळेपणाही इथेच. मरणाला धार उरत नाही, पाताळ म्हणजे रोजची लोकल होते, आणि लोकलमध्ये कोणी कोणाला क्षमा करत नाही.

पिक्सारच्या ‘कोको’चा (२०१७) इथे उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. तिथे वारशाने आलेली गोष्ट सूड नाही, अढी आहे: खापरपणजोबा घर सोडून गेला म्हणून पुढच्या सगळ्या पिढ्यांना गाणं बंद. मेलेल्यांच्या नगरीत पोराला कळतं की पणजीच्या आईने ज्याला गुन्हेगार ठरवलं तोच खुनाचा बळी होता. म्हणजे वारस नोंदच चुकीच्या माणसाच्या नावे झाली होती. लहान मुलांच्या चित्रपटाला जे सुचलं ते मोठ्यांच्या मालिकांना सुचू नये?

आपल्या चित्रपटांनी तर परलोक हे ठाणं गाळूनच टाकलं. ‘कर्ज’ (१९८०) असो की ‘करण अर्जुन’ (१९९५), खून झाला की थेट पुनर्जन्म, मधल्या कचेरीत कोणी थांबतच नाही. यमलोक दाखवायचाच तर विनोदापुरता: तेलुगूत ‘यमगोला’ (१९७७), मग हिंदीत त्यावरूनच ‘लोक परलोक’ (१९७९), आणि गॅदरिंगच्या नाटुकल्यांत चुकलेली वही घेऊन धावणारा चित्रगुप्त. हसायला माझी ना नाही. पण भुतं रंगवण्यात नारायण धारपांपासून रत्नाकर मतकरींपर्यंत इतका हात बसलेल्या मराठीत भूत नेहमी आपल्याकडे येतं, वाड्यात, आडावर, पिंपळाखाली. आपण त्याच्या मुलखात जात नाही.

खरं तर या हिशेबाची भाषा आपल्याला नवी नाही. गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात शिरोळच्या एका बाईची मुलं वाचत नाहीत. कारण सापडतं ते मागच्या जन्मीचं: शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाकडून शंभर घेऊन बुडवलेले, त्याने जीव दिला आणि पिशाच्च होऊन तो तिची मुलं नेतो. उपाय अगदी जमाखर्चाचा आहे. त्याची उत्तरक्रिया करायची, औदुंबराची सेवा करायची, आणि त्याच गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर द्यायचे. धनको हयात नाही, तर सही गोत्राची चालेल. मायध्रोसला कोणी हे सांगायला हवं होतं. आपल्या कायद्यानेही २००५च्या वारसा दुरुस्तीत, बापाचं कर्ज केवळ धर्मकर्तव्य म्हणून पोराच्या डोक्यावर बसवायचं पुढच्या कर्जांपुरतं बंद केलं. कथा मात्र बापाची शपथ अजून बिनबोभाट वसूल करताहेत.

राहता राहिलं महाभारत, आणि या विषयावर त्याच्या पुढे कोणी गेल्याचं मला दिसलेलं नाही. स्वर्गात दुर्योधन आसनावर बसलेला पाहून युधिष्ठिर पाठ फिरवतो, तो प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच्या आधीचं, आश्रमवासिक पर्वातलं, कमी वाचलं जातं. युद्धाला बरीच वर्षं लोटली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहतात, पांडव भेटीला आलेत. एका रात्री व्यास गंगेत उतरून मेलेल्यांना हाक मारतात आणि दोन्ही सैन्यं पाण्यातून वर येतात. कर्ण, अभिमन्यू, दुर्योधन, द्रुपद, द्रोण. कोणाच्याच मनात वैर नाही. ते जिवंतांना भेटतात, रात्रभर बोलत बसतात आणि पहाटे परत जातात.

ही हकीकत ऐकतो आहे जनमेजय. बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला म्हणून त्याने सगळ्या सर्पकुळाला आगीत ओढणारं सत्र मांडलेलं, आणि आस्तीक ऋषीने ते अर्ध्यावर थांबवलेलं. महाभारत सांगितलं जातं ते याच सत्रात, सुडाच्या मांडवाखाली. ऐकून झाल्यावर तो म्हणतो, मलाही माझा बाप दाखवा. व्यास परीक्षिताला आणतात, ज्या वयाचा, ज्या रूपाचा तो गेला तसाच. सोबत शमीक ऋषी आहेत, आणि ज्याच्या शापाने परीक्षित मेला तो त्यांचा मुलगा शृंगीही. तिघे बरोबर आलेत. तक्षकाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. जनमेजय बापाला यज्ञान्त स्नान घालतो आणि मग स्वतः अंघोळ करतो.