चुकलेल्या सहीची गोष्ट

लग्न लागलं आहे. चर्चमधल्या आतल्या खोलीत नोंदवही उघडून ठेवलेली आहे आणि नवरीची सही तेवढी व्हायची आहे. तिथली रीत अशी, की ही एक सही माहेरच्या नावाने करायची. व्हलेरिया ब्रिंटन मात्र आनंदाच्या भरात नवऱ्याचं आडनाव लावून मोकळी होते. ती ज्या घरात वाढली तिथली वडीलधारी बाई जागच्या जागी तोंड वाकडं करते. सुरुवातच चुकली, आता पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे!

विल्की कॉलिन्सच्या 'द लॉ अँड द लेडी' (1875) या कादंबरीचं हे पहिलं प्रकरण. रहस्यकथा म्हटली की सुरुवातीला प्रेत हवं, निदान आतून कडी लावलेली खोली तरी हवी, अशी आपली सवय. इथे फक्त एक सही आहे, आणि पुढचं सगळं रहस्य तिच्यात आधीच येऊन बसलेलं आहे. कारण आठवड्याच्या आत व्हलेरियाला कळतं, की तिने हौसेने लिहिलेलं 'वुडव्हिल' हे आडनाव नवऱ्याचं नव्हेच. तो यूस्टस मॅकॅलन. म्हणजे सही दोनदा चुकली: एकदा रीतीप्रमाणे आणि एकदा खरोखरीची.

मराठी वाचकाला हे दृश्य जरा जास्तच लागतं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो आणि नवरीने लाजून हसायचं असतं. माझ्या आजीकडे पितळेचा एक डबा होता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं माहेरचं नाव कोरलेलं. त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. डब्यात ती मोहरी ठेवायची. नाव बदलण्यात काय जातं आणि काय राहतं, हे आपल्या बायकांना कादंबरी न वाचताही ठाऊक असतं. पण बदलून मिळालेलं नावच खोटं निघालं तर? त्या बाईने मग कुठल्या नावाने जगायचं?

नाव खोटं असल्याचं ती कशी शोधते, तेही पाहण्यासारखं आहे. रॅम्सगेटच्या समुद्रकिनारी मधुचंद्र चालू आहे. नवऱ्याच्या सामानात तिला त्याच्या आईचा फोटो सापडतो. ही सासू लग्नाला आलेली नव्हती, लग्न तिला मंजूर नव्हतं. आणि तीच बाई एके दिवशी वाळूवर समोरून चालत येते. व्हलेरिया ओळखते, मुद्दाम बोलायला जाते. सासू सुनेला ओळखत नाही, आणि तिचं आडनाव मॅकॅलन असल्याचं उघड होतं. पण ही कोण ते कळल्यावर रागाऐवजी तिच्या चेहऱ्यावर कीव दिसते. व्हलेरियाचा तपास सुरू होतो तो या कीवेपाशी. सासूचा राग कुठल्याही सुनेने समजून घेतला असता, कीव समजून घेता येईना.

पुढे उलगडतं ते असं. यूस्टस बिजवर आहे. पहिली बायको सारा सोमलाच्या विषाने मेली. यूस्टसवर एडिंबरात खुनाचा खटला चालला आणि ज्यूरीने निकाल दिला तो दोषी असाही नाही आणि निर्दोष असाही नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात तिसरा निकाल होता: आरोप शाबीत नाही. आपल्याकडे सबळ पुराव्याअभावी सुटका होते तेव्हाही वर्तमानपत्रात निर्दोष मुक्तता असंच छापतात. निदान कागदावर माणूस धुतला जातो. स्कॉटलंडच्या त्या निकालात कागदावरही धुतला जात नसे. शिक्षा नाही आणि संशयातून सुटकाही नाही. हा निकाल काढून टाकणारा कायदा तिथल्या संसदेने मंजूर केला तो थेट 2025 साली, यावरून ते दुखणं किती जुनं होतं ते कळावं.

जुन्या मराठी घरांत दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात सवतीचा टाक असे, मेलेल्या पहिलीची आठवण आणि तिच्यापासूनचं संरक्षणही. व्हलेरियाच्या गळ्यात सवतीचा सगळा खटलाच येऊन पडतो. आणि ती ठरवते, की वकिलांना जमलं नाही ते मी करीन, शाबीत नाहीचं निर्दोष करून आणीन. नवरा काय करतो? सत्य कळलेल्या बायकोच्या नजरेला नजर देणं त्याला झेपत नाही. तो तिला सोडून स्पेनमधल्या लढाईत जखमींची सेवा करायला निघून जातो. स्पष्टच सांगायचं तर यूस्टस हा या कादंबरीतला सर्वांत पुळचट माणूस. कॉलिन्सला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तो त्या आटापिट्याच्या लायकीचा नाही, ही या कथेतली बारीक बोचणारी गोष्ट आहे आणि ती त्याने मुद्दाम काढून टाकलेली नाही.

इंग्रजीत पगारी स्त्री-गुप्तहेर याच्याही आधी आल्या होत्या. 1864 साली अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने 'द फीमेल डिटेक्टिव्ह' निघालं. त्यातली बाई हे काम पोटासाठी करते आणि स्वतःबद्दल जेवढ्यास तेवढंच सांगते. अलीकडे 'मिस स्कार्लेट अँड द ड्यूक' ही मालिका पुष्कळांनी पाहिली असेल. 1880 च्या दशकातल्या लंडनमध्ये वडिलांमागे त्यांची एजन्सी चालवणारी एलायझा, आणि स्कॉटलंड यार्डमधला तो ड्यूक. तिथे तपास एका पारड्यात, प्रेम दुसऱ्यात, आणि दर भागात तराजू कुठे झुकतो ते बघत बसायचं. मजा येते, नाही म्हणत नाही. पण कॉलिन्सकडे दोन पारडीच नाहीत. व्हलेरियाचं प्रेम हाच तिचा तपास. त्यामुळे तपासातल्या तिच्या चुकासुद्धा प्रेमाच्याच चुका असतात.

एक चूक फारच सुंदर आहे. खटल्याच्या कागदपत्रांत तिला हेलेना ब्यूली नावाची बाई सापडते. यूस्टसचं पूर्वी जिच्यावर मन होतं ती. व्हलेरियाचा संशय लगेच तिच्यावर जाऊन बसतो, आणि पुरावे त्याच्याभोवती आपोआप गोळा होऊ लागतात. वाचकही फसतो, कारण तर्क बिनचूक वाटतो. मग एका जेवणावळीत गप्पांच्या ओघात कळतं, की ज्या रात्रीबद्दल संशय होता त्या रात्री हेलेना घरात नव्हतीच. मोलकरणीला आपल्या अंथरुणात झोपवून ती एडिंबरातल्या मुखवट्यांच्या नाचाला गेली होती. पुरावा कोसळतो आणि मागे उघडा पडतो तो निव्वळ मत्सर. व्हलेरिया हे स्वतः सांगते आहे, कारण सगळी कादंबरी तिच्याच तोंडून आहे. आपला तर्क कशावर उभा होता, हे वाचकापासून लपवणं तिला सहज शक्य होतं. ती लपवत नाही.

मला सर्वांत आवडलेला तुकडा मात्र मेजर फिट्झ-डेव्हिडच्या घरी जाण्याआधीचा आहे. हा म्हातारा बायकांच्या बाबतीत कायमचा पाघळलेला. त्याला खरी हकीकत ठाऊक आहे, पण न बोलण्याचा शब्द त्याने यूस्टसला दिलेला आहे. त्याच्याकडून काही काढायचं तर चेहरा निस्तेज ठेवून चालणार नाही. म्हणून हॉटेलातली मोलकरीण पावडर आणि लालीची डबी घेऊन येते. व्हलेरिया गाल रंगवून घेते, केस नव्याने बांधून घेते आणि आरशात पाहते तर तिथे कोणी तिसरीच बाई. पाद्र्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे पचत नाही, तरी ती तशीच निघते. पहिल्या वाचनात हा वेषांतराचा ठरावीक प्रसंग वाटतो. पुस्तक संपवून पुन्हा इथे आलं की हात थबकतो. कारण सारा मेली त्या सोमलाची सुरुवातही अशाच आरशासमोर झालेली असते. कातडी नितळ व्हावी, नवऱ्याने आपल्याकडे पाहावं, म्हणून तिने सोमल मागवला होता, आणि बाजारातून तो आणला होता यूस्टसनेच. दोन बायका, एकच नवरा, दोघींनी चेहऱ्यासाठी काहीतरी केलेलं. एकीने ते नवऱ्याची नजर मिळवायला केलं, दुसरीने त्याची अब्रू मिळवायला. कॉलिन्स या दोन डब्या कुठेही शेजारी ठेवत नाही. चारशे पानांच्या दोन टोकांना ठेवतो आणि गप्प बसतो.

हा सोमल नुसता कल्पनेतला नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा तो उंदीर मारायला, रंगात, औषधात सर्रास वापरत. 1851 च्या कायद्याने विकणाऱ्याला नोंदवही ठेवावी लागे आणि थोडा सोमल घेतला तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळावी लागे, पांढरी पूड साखर समजून कोणाच्या चहात जाऊ नये म्हणून. 1857 मध्ये ग्लासगोच्या मॅडेलिन स्मिथवर प्रियकराला विष घातल्याचा खटला एडिंबरात उभा राहिला. सोमल कशाला घेतलास, यावर तिचं उत्तर होतं, चेहरा धुवायला. तिच्या विषप्रयोगाच्या मुख्य आरोपावरही निकाल आला तो शाबीत नाही असाच. कॉलिन्सच्या वाचकांच्या स्मरणात हे ताजं होतं, आणि तो स्वतः बॅरिस्टर. वकिली केली नाही, पण कागदपत्रं कशी बोलतात ते त्याला माहीत. खटल्याची प्रकरणं त्याने प्रश्न मांडून लिहिली आहेत: बाई विषाने मेली का, विष कोणी घातलं, हेतू काय. ही पानं थोडी लांबली आहेत, घाईच्या वाचकाने चाळली तरी चालतील.

खटल्यातला साक्षीदार मिझेरिमस डेक्स्टर याला मात्र चाळून चालत नाही. जन्मतः पाय नसलेला, चाकांच्या खुर्चीतून खोलीभर भरधाव फिरणारा, हातांवर उड्या मारणारा, गुलाबी रेशमी जाकीट घालणारा, वीणेसारखी हार्प वाजवणारा, पाहुणीला स्वतःच्या हाताने ट्रफल शिजवून घालणारा. अपंगत्वाला राक्षसीपणाशी जोडण्याची त्या काळची खोड इथे आहे आणि आज ती खटकते. पण व्हलेरिया आणि डेक्स्टर समोरासमोर आले की पान तापतं, तसं ते यूस्टसच्या सहवासात एकदाही तापत नाही. एका भेटीत तो तिचा हात चुंबनांनी भरून टाकतो आणि कमरेला मिठी घालतो. कादंबरी 'द ग्राफिक' या सचित्र साप्ताहिकात क्रमशः येत होती. संपादकांनी हा मजकूर परस्पर बदलला. कॉलिन्सने कराराकडे बोट दाखवून मूळ मजकूर छापायला लावला. हट्ट बरोबर होता. त्या ओळी गेल्या असत्या तर व्हलेरिया पुन्हा त्याच माणसाच्या दारात जाते, यातली छाती कळलीच नसती.

ती पुन्हा जाते खरी, या वेळी वडिलांचा जुना कारकून बेंजामिन याला वही घेऊन सोबत बसवते. डेक्स्टर गोष्ट सांगू लागतो, इटलीतल्या कुठल्याशा मालकिणीची आणि दासीची. सांगता सांगता गोष्टीचा धागा सुटतो, मन सुटतं आणि निरर्थक बडबडीत एक शब्द पुन्हा पुन्हा वर येतो: पत्र. त्या बडबडीच्या नोंदीवरून एडिंबरचा एक वकील अर्थ लावतो आणि तपास जाऊन पोचतो तो यूस्टसच्या ग्लेनिंच इथल्या बंगल्यामागच्या उकिरड्यावर. एखाद्या संसाराची खरी हकीकत दस्तांत नसून उकिरड्यात असते, हे सांगायला कॉलिन्सला शहाणपणाचं वाक्य लागत नाही. माणसं राख आणि केरकचरा उकरतात, चिकटलेले कागदाचे कपटे सुटे करतात, जुळवतात. साराचं शेवटचं पत्र उभं राहतं. डेक्स्टरने तिला नवऱ्याची रोजनिशी दाखवली होती. तिच्यावर आपलं प्रेम नाही, हे त्यात नवऱ्याच्या हातचं लिहिलेलं होतं. तिने स्वतःच विष घेतलं. डेक्स्टरचं तिच्यावर प्रेम होतं. त्याने पत्र फाडलं आणि यूस्टसला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहू दिलं.

म्हणजे यूस्टस निर्दोष. कायद्याच्या भाषेत पूर्ण निर्दोष. पण ते पत्र वाचणाऱ्या बाईला हेही कळतं, की या माणसाच्या थंडपणाने एक बायको मेली, आणि आपण त्याची दुसरी बायको आहोत. व्हलेरिया यावर एक शब्द टिप्पणी करत नाही. तोवर ती आईही होते. नवऱ्याच्या हाती ती पत्राचं बंद पाकीट देते आणि सांगते, वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ज्याच्यासाठी सगळा शोध, तो ते पाकीट फोडतच नाही. मुलगा मोठा झाला की बघेल, असं ठरून ते बाजूला ठेवलं जातं. जगाच्या दप्तरी आरोप शाबीत नाही तो नाहीच.

कॉलिन्सने आयुष्यात लग्न केलं नाही. मार्था रड या बाईच्या घरी तो विल्यम डॉसन या नावाने राहत असे आणि शेजारीपाजारी तिला मिसेस डॉसन म्हणत. 'द लॉ अँड द लेडी' साप्ताहिकात येत असतानाच, 1874 च्या डिसेंबरात त्यांना मुलगा झाला. त्याचंही आडनाव डॉसन लावलं गेलं.