लोणारचे विवर : कथा आणि पुरावा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी जे लेखन होते, त्यात एक युक्तिवाद वारंवार आढळतो. लवणासुराची कथा म्हणजे उल्कापाताची लोकस्मृती होय. भूविज्ञानाने १९७३ साली जे सिद्ध केले ते आपल्या पूर्वजांस पुराणकाळीच अवगत होते, असा तो युक्तिवाद. श्रद्धा आणि विज्ञान ह्यांचा समेट घालणारा म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु लोककथेस पुरावा केव्हा मानावे, हा आपल्या अभ्यासाचाच प्रश्न असल्यामुळे त्याची परीक्षा करणे अवश्य ठरते.

प्रथम भूविज्ञानाची बाजू. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहे. १८९६ साली जी. के. गिल्बर्ट ह्यांनी ॲरिझोनातील विवराशी त्याची तुलना केली. पण दोन्ही विवरे भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाली असावीत, असे त्यांचे मत होते. ज्वालामुखीचा तर्क पुढेही दीर्घकाळ टिकला. १९७३ साली फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळाखालील नमुन्यांत मास्केलिनाइट दाखविले. फेल्स्पार खनिज न वितळता केवळ प्रचंड आघाताच्या दाबाने काचरूप झाले म्हणजे हा पदार्थ बनतो, आणि ज्वालामुखीत तेवढा दाब उत्पन्न होत नाही. वाद मिटला तो ह्या पुराव्याने, विवराच्या गोल आकाराने नव्हे.

आता कथा पाहू. लवणासुर भूमीखाली दडून राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींकडून ती जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडविले आणि दैत्याचा वध केला. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली; सरोवराचे पाणी हे दैत्याचे रक्त. ह्या कथेत आकाशातून काहीही पडत नाही! जे उडते ते भूमीवरून उडते आणि बाहेर जाते. गिल्बर्ट ह्यांचा तर्क खरा ठरला असता, तर हीच कथा भूगर्भस्फोटाची स्मृती म्हणून अधिक सहजपणे पुढे करता आली असती. जे विधान दोन्ही परस्परविरोधी निष्कर्षांशी सारखेच जुळते, ते कोणत्याही एकाचे प्रमाण होऊ शकत नाही.

काळाची अडचण तर ह्याहून मोठी आहे. पूर्वी विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे मानीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनानुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. आजची मानवजाती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मग पाहिले कोणी, आणि सांगितले कोणी?

लोककथेत स्मृती नसतेच, असे मात्र नव्हे. ओरेगनमधील क्रेटर लेकविषयी क्लॅमथ लोक पाताळाच्या व आकाशाच्या अधिपतींच्या युद्धाची आणि पर्वत खचल्याची कथा सांगतात. तेथील माझामा पर्वताचा उद्रेक सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीचा. आणि १९३८ साली फोर्ट रॉक गुहेत क्रेसमन ह्यांना त्याच राखेच्या थराखाली माणसांनी विणलेली पादत्राणे सापडली. तेथे साक्षीदार होते, आणि कथेतील घटनेची दिशाही जुळते. तुलनेला कसोटी लावावयाची ती अशी.

मग लोणारची कथा काय जाणते? ती लवण जाणते. काठावर गोड्या पाण्याची अखंड धार आणि तळाशी खारे, निरुपयोगी पाणी, ह्या विरोधाचा अर्थ ती लावते. ऐन-इ-अकबरीतही लोणार हे तीर्थ म्हणून आणि काच व साबण ह्यांस लागणाऱ्या क्षारांचे स्थान म्हणून एकत्रच येते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे आढळले. त्यामुळे कमळजा देवीचे खंडन झाले असे समजणाऱ्या बुद्धिवाद्याचाही येथे गोंधळ होतो. नवरात्रात ओटी भरणारी स्त्री खडकाच्या उत्पत्तीविषयी काही सिद्धांत मांडीत नसते. परंतु तिच्या वतीने तो मांडणारा सुशिक्षित समर्थक मात्र देवीचे माहात्म्य प्रयोगशाळेतील पुढच्या मोजणीवर टांगून ठेवतो.

आपल्याकडून व्हावयास हवे ते काम वेगळे आहे: स्थलमाहात्म्यातील पाठ, दैत्यसूदन मंदिरातील शिल्पे आणि धारेवर आज सांगितली जाणारी कथा ही शेजारी ठेवून, झाकणाचा आणि बहिणींचा प्रसंग कोठे येतो व कोठे गळतो, हे तपासणे.