‘दोन्ही बाजू शिकवा’ : आर्कान्साच्या निकालाची समीक्षा

शाळेत उत्क्रांती शिकवता, तर ईश्वरी निर्मितीची बाजूही शिकवा, त्यात बिघडलं काय, असं पुष्कळांना वाटतं. वरवर हे न्याय्यच दिसतं. म्हणून आज अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचा एक निकाल तपासू.

१९८१ साली त्या राज्यानं कायदा केला : सरकारी शाळांत उत्क्रांती शिकवलीत, तर ‘निर्मितीविज्ञाना’लाही समतोल वाव द्या. त्याची व्याख्याही कायद्यातच होती. विश्व शून्यातून एकाएकी निर्माण झालं, साऱ्या पृथ्वीवर महापूर आला, पृथ्वीचं वय फारसं नाही, वगैरे. न्यायमूर्ती विल्यम ओव्हर्टन यांनी जानेवारी १९८२ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्माला पुढे करणं हाच त्याचा हेतू आहे, असं त्यांना दिसलं.

निकाल आम्हाला मान्य आहे. मात्र त्यातला एक युक्तिवाद खटकतो. हे विज्ञान नव्हेच, कारण ते कसोटीला लावता येत नाही, असं ओव्हर्टन म्हणतात. तत्त्वज्ञ लॅरी लाउडन यांनी त्याच वर्षी इथे बोट ठेवलं. पृथ्वी तरुण आहे, हे विधान कसोटीला लावता येतं की! लावलं गेलं, आणि ते नापास झालं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणच बघा; किरणोत्सारी कालमापनानं त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास निघतं. मग ‘तपासताच येत नाही’ म्हणणं म्हणजे हरलेल्याला हरण्यापासून वाचवणं.

पण लाउडन यांच्याशीही आम्ही पूर्ण सहमत नाही. पुढे ‘बुद्धिमान रचने’चा वाद आला, २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावचा खटला त्यावरच झाला. या मांडणीनं पृथ्वीच्या वयाचा विषयच बाजूला ठेवला. रचना करणारा कोण, त्यानं ती कधी केली, कशी केली, काहीच सांगायचं नाही. जो ठाम काही बोलतच नाही, तो चुकणार कुठे? इथे मात्र ओव्हर्टन यांची कसोटी बरोबर लागू पडते.

तेव्हा ‘समतोल’ हा शब्द भाऊबंदकीच्या वाटणीत शोभतो. विज्ञानाच्या तासाला जागा मिळते ती कसोटीला उतरलेल्या मांडणीला. पण एखाद्या मुलीनं श्रद्धेपोटी प्रश्न विचारला, तर ‘हे विज्ञान नाही, खाली बस’ असं म्हणू नये. तिला विचारावं, “तुझं म्हणणं खरं असेल, तर खडकांत काय सापडायला हवं?” हे काम न्यायालय करू शकत नाही, ते शिक्षकानंच करायचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.